नऊ राज्यांचं धुकं

…न्हाय, न्हाय, न्हाय! मला इचारूच नका! पुस्तक कसं हाय ते गावात कुणालाबी इचारा, सांबऱ्याला इमान उतरवणाऱ्या पायलटला इचारा, पण मला इचारू नका, कारण मी लेखिकेचा नवरा हाय, आन् नवऱ्यानं चांगलं म्हटलं तर ‘बायकोला भितोय’, वाईट म्हटलं तर ‘बायकोवर जळतोय’, आन् गप्प बसलं तर ‘वाचलं न्हाय वाटतं!’… तुम्हाला सांगतो, त्यो तिसरा बोलणारा असतोय न्हवं, त्यो बरोबर असतोय. न्हायच वाचलं! म्हणजे वाचाय घेतलं की, लई येळा घेतलं. पण त्यो नायक घोड्यावर बसून घाटात शिरतो, आन् तिथं धुकं येतंय… पांढरं, गार, हळूहळू वर चढणारं… आन् माझी मान पडती. पुस्तक वाईट न्हाय हो… फकस्त धुकं लई हाय!

आता पुस्तक कसलं ते सांगतो. ‘धुक्यापल्याडची नऊ राज्यं’. नऊ! आपल्याला हितं महाराष्ट्र-कर्नाटक दोन राज्यांच्या मधी ऱ्हाऊन जीव नकोसा झालाय, हिनं नऊ केली! प्रत्येकाचं पंचांग येगळं, पैसा येगळा, शिव्यासुदीक येगळ्या. सुरवातीला नकाशा, मग वंशावळ, मग वंशावळीची वंशावळ, शेवटाला अवघड शब्दांचे अर्थ, आन् ते अर्थ वाचले की आणिक अवघड. उशाला घेतलं तर मान अवघडती. घेऊन बघितलंय.

लिहिलं कुणी? तेजस्वीनं, आमच्या मंडळीनं. हायस्कुलात भूगोल शिकवती. माहेर जांबोटीकडलं, रानातलं. म्हणजे धुकं आलं कुठनं ते कळलं का? तिकडं शाळंची बस कवातरी यायची, म्हणून ही पोरगी आईचं बोट धरून धुक्यातनं चालत सुटायची, आन् वाट सरावी म्हणून आई सांगायची, ‘त्या झाडामागं एक राज्य हाय बघ तेजू, त्या खडकामागं दुसरं…’ सासूबाईंनी पोरगीला शाळंपातूर चालवायला म्हणून राज्यं काढली, आन् पोरगीनं त्येचा ग्रंथ केला!

वर्षानुवर्षं लिहीत व्हती. चुलीम्होरं, तव्यावर भाकरी टाकून. भाकरी करपायची. रोज! मी उद्यमबागेत एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. दुपारी डबा उघडला की सगळी मशीनवाली वास घेऊन म्हणायची, ‘रविराज, आज कुठल्या राज्यात लढाई झाली रं?’ पण तुम्हाला खरं सांगतो, भाकरी करपायची तवा ती गुणगुणायची. तोंडातल्या तोंडात, सूर ना ताल, पण घर कसं भरल्यावाणी वाटायचं. मी मुकाट्यानं काळी बाजू खरवडायचो आन् खायाचो.

मग सासूबाई गेल्या. त्यानंतर हिनं पुस्तकातली राणी मारली. पुस्तक छापून आलं आन् सुरू झाली की हो वाचकांची लढाई! एका पेपरात ‘दुर्बोध’, दुसऱ्यात ‘युगप्रवर्तक’. युगप्रवर्तक म्हणणाऱ्यानं राणीचं नावच चुकवलं व्हतं, म्हणजे त्येचीबी मान धुक्यातच पडली असणार! निपाणीवरनं एकाचा फोन. ‘म्याडम, सुरवातीला नुसती वंशावळ! आमच्या तलाठ्याकडं बी एवढी नसती हो!’ तेवढ्यात त्येच्या हातातनं फोन कुणीतरी हिसकावून घेतला, ‘म्याडम, ह्यांचं ऐकू नका, मी दुसऱ्यांदा वाचाय लागलेय, दुसरा भाग कवा?’ आन् मग पलीकडं नवरा-बायकोची जी जुंपली, जी जुंपली… आमचं काम ऐकत बसायचं!

पण दुसरा भाग कवा, हे ऐकलं की तेजूचा चेहरा पडायचा. एक दिस म्हणाली, ‘राणी गेली. तिच्यामागनं काय सांगायचं, मला दिसतच न्हाय. आन् पेपरात ज्यांनी वाखाणलं त्यांनीबी वाचलं न्हाय. कुणासाठी लिहू?’ पेन ठेवला. त्या दिसापासनं तुम्हाला सांगतो, भाकरी अशी गोल, अशी पांढरी, टम्म फुगलेली… आन् घर गप्प! डब्यात असली झकास भाकरी बघून मला रडाय येऊ लागलं. मशीनवाली म्हणायची, ‘नशीब काढलंस गड्या!’ कसलं नशीब? मला माझी करपलेली भाकरी पायजे व्हती. करायचं काय, ते मात्र सुचत नव्हतं. पुस्तक वाचून ‘मी वाचलं बघ’ म्हणावं, तर… धुकं! पुस्तक वाईट न्हाय हो… फकस्त धुकं लई हाय!

तर झालं काय, आमच्या गावात साहित्य संमेलन. तुम्हाला ठाव हाय, आपल्या भागात सुगी आटपली की गावोगाव संमेलनं. भात मळून झालं, माणसं मोकळी, घाला मांडव! सकाळी ग्रंथदिंडी. पालखीत यंदा गावच्या लेखिकेचा ग्रंथ ठेवला. लेझीम, झांजा, दारादारात रांगोळी. आन् शेवंताआज्जीच्या दारात पालखी थांबली. आज्जीला डोळ्यानं कमी दिसतंय, पण भक्ती जास्त. तिनं पुस्तकाला हळद-कुक्कू लावलं, हार घातला, नारळ फोडला, आन् हात जोडून इचारलं, ‘कुठली पोथी म्हणायची ही? लई थोरली हाय गं बाई. कवा लावायची?’

झालं! कुक्कू लागलं म्हणजे पोथी झाली. आन् पोथी झाली म्हणजे लावायलाच पायजे. आन् एकदा लावली म्हणजे मधी सोडायची न्हाय! अर्धवट सोडलेली पोथी म्हणजे घरावर, गावावर काय काय येतंय ते सांगाय शेवंताआज्जी हायच. पंच बसले. मी म्हटलं, ‘अहो, कादंबरी हाय ती!’ तर आज्जी म्हणती, ‘आसंल बाबा, नाव कायबी आसंल. तिला कुक्कू लागलंय.’ आता हेच्यावर तुम्ही काय बोलणार? बोला की!

पोथीची रीत तुम्हाला ठाव हाय. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. वाचाय मारुतीआप्पा. त्येंचा आवाज म्हणजे आवाज, पार वेशीपातूर जातोय. आन् अर्थ सांगाय कोण? तेजूला इचारलं, तर दारातनंच म्हणाली, ‘लिहिणाऱ्यानं अर्थ सांगू नये,’ आन् कडी लावली. मग आप्पांनी माझ्याकडं बघितलं. ‘घरातलं माणूस हाय. ह्येच्यापेक्षा जास्त कुणाला म्हाईत?’ आवो, ह्येच्यापेक्षा कमी कुणाला म्हाईत आसं इचारलं असतं तर मीच हात वर केला असता! पण मनात म्हटलं, गाव ऐकतंय, गाव बोलंल, तेजूच्या कानावर जाईल… लागंल परत पेन हातात. म्हणून बसलो.

सांजच्याला देवळाच्या सोप्यात बैठक. म्होरं समई. बायका एका अंगाला, बापये एका अंगाला. आप्पांनी चष्मा लावला आन् सूर लावला, ‘तमिस्रेच्या कुक्षीतून प्रस्रवणाऱ्या हिमधूम्राने अश्वारूढ विक्षुब्धसेनास आवृत केलेऽऽ…’ काय गंमत हाय बघा, आमच्या बायकूनं लिहिलंयच असं की पोथीच वाटती! माणसं माना डोलवाय लागली. आप्पांना कळत नव्हतं, पण वाचणाऱ्याला कळायचं कारण न्हाय. ऐकणारी ऐकत नव्हती, ती अर्थाची वाट बघत व्हती. सगळी भिस्त माझ्यावर. आन् मी… घाटात शिरलो, धुकं आलं…

आन् बसल्या बसल्या लागली की हो झोप!

आता ऐका हां, हे जरा हळूच ऐका. झोपेत मी त्या घाटात गेलतो. खरंच गेलतो. पायाखाली वलं गवत, कुठंतरी गुरांच्या गळ्यातल्या घंटा, आन् धुकं असं की हात लांब केला तर आपलाच हात दुसऱ्याचा वाटावा. खाली उतरलो तर नदी. नदीला आवाज न्हाय. आन् काठाला एक नाव, नावंत एक नावाडी. डोस्क्याला टॉवेल गुंडाळलेला. कुठं जायाचंय ते इचारत न्हाय, पैसं मागत न्हाय, नुसतं म्हणतो, ‘बस.’ मी बसलो. वल्हं पाण्यात जातंय, येतंय, आन् पल्याडच्या तीराला कुणीतरी भात शिजत घातल्याचा वास… तुम्हाला सांगतो, आयुष्यात एवढं निवांत मला कवाच वाटलं न्हाय.

तेवढ्यात आप्पांचं कोपार बरगडीत! ‘हां, सांगा अर्थ!’ दचकून डोळं उघडलं, सगळं गाव माझ्या तोंडाकडं बघतंय. आता सांगू काय? जे बघितलं ते सांगितलं. नदी सांगितली, नाव सांगितली, नावाडी सांगितला. आन् शेवंताआज्जी म्हणती, ‘अय्यो, काय गं बाई लिहिलंय!’ मग रोजचंच झालं. आप्पा वाचायचे, मी पेंगायचो, कोपार बसायचं, मी नावाड्याचं सांगायचो. त्या नायकाला, विक्षुब्धसेनाला, तर गावानं पार विकासदादा करून टाकला, पण नावाड्याला कुणी टोपणनाव ठेवलं न्हाय. पोथी अशी रंगली की शेजारच्या गावची माणसं याय लागली. डोक्यावरनं सांबऱ्याचं इमान गेलं तर सगळी वर बघायची, आज कुठल्या राजाचा गरुड निघाला म्हणून. तेजू मात्र आली न्हाय. तिची भाकरी पांढरीच!

आन् मग आली राणी मरायची सांज. आता ह्या बाईनं सगळं पुस्तक तमिस्रा आन् कुक्षी करून लिहिलं, आन् नेमकं तेवढंच एक वाक्य साधं लिहिलं. आप्पांनी वाचलं, ‘आणि राणी गेली.’ बास! अर्थ सांगायची गरजच न्हाय. सगळ्यास्नी कळलं. एक बाई हुंदका देती, दुसरी देती… शेवंताआज्जीनं पदर तोंडाला लावला. आन् तुम्हाला सांगतो, दुसऱ्या दिशी गावात सुतक! कुणाच्या चुलीवर कढई चढली न्हाय, फोडणी न्हाय, एकीनं पाव्हण्यांस्नी ‘आमच्यात राणीचं हाय’ म्हणून परत लावलं! पुस्तकातल्या राणीचं सुतक! आन् वर सगळी आमच्याच दारात. ‘मास्तरीणबाई, का मारलंस गं तिला? तिनं काय वाकडं केलतं?’ मारुतीआप्पाबी आलते, पण त्यांचं येगळंच. ‘राणी मरंना का, पण नऊ राज्यांत मिळून पीक काय घेतात, त्येचा उल्लेख न्हाय. एवढं सैन्य खातंय काय?’ तेजू आत. कडी लावलेली. मी दाराला कान लावला तर आत रडण्याचाबी आवाज न्हाय. मला भ्या वाटलं हो. खरंच भ्या वाटलं.

सुतकात पोथी वाचायची का न्हाय? पण पोथी मधी सोडायची बी न्हाय! शेवटी आप्पांनी तोडगा काढला, वाचायचं, पण घंटा न्हाय वाजवायची. बसलो. गाव मान खाली घालून. आप्पांचा सूरबी बसलेला. आन् मला… न्हाय न्हाय म्हणता, धुकं आलं. नावाडी आला. आन् आज नावंत आधीच कुणीतरी बसलेलं. राणी! पण मुकुट न्हाय, काय न्हाय. हिरव्या काठाचं नऊवारी लुगडं, पदराच्या वट्यात चिरमुरे, एकेक तोंडात टाकतीय आन् पाण्याकडं बघतीय. उठून सांगितलं, ‘राणी मेली न्हाय. नावाड्यानं तिला पल्याड नेली.’

काय सांगू तुम्हाला! शेवंताआज्जीनं जागच्या जागी हात जोडलं. ‘सुतक फिटलं!’ त्याच रातच्याला घराघरात फोडणीचा वास. आन् हितनंच फूट पडली, गावाची, वाचकांची, सगळ्यांची! आमच्याच कारखान्यात काम करणारा माझा चुलतभाऊ स्वरूप, त्येनं पुस्तक पुन्हा पुन्हा वाचलेलं, नकाशाचा फोटो मोबाईलवर लावलेला. उठला. ‘दादा, पान दाखव! नावाडी कुठल्या पानावर हाय?’ त्येच्याकडनं बेळगावच्या कॉलेजातल्या रचना मॅडम. त्या संमेलनाला आलत्या, तवापासनं त्याबी यायच्या. ‘राणीचा मृत्यू हाच ह्या कृतीचा गाभा हाय, तो नाकारणं म्हणजे लेखिकेवर अन्याय हाय!’ आन् इकडं आज्जीचा पक्ष. ‘आमी आमच्या कानानं ऐकलंय. नाव हाय म्हणजे हाय!’ राणी मेलेली एका बाजूला, राणी पल्याड गेलेली दुसऱ्या बाजूला. नळावर भांडणं, डेअरीत भांडणं. वाचलेली म्हणायची, ‘तुमी वाचलं न्हाय.’ ऐकलेली म्हणायची, ‘तुमास्नी वाचून कळलं न्हाय!’ आन् दोन्हीकडची मला म्हणायची, ‘रविराज, तूच सांग!’ मी काय सांगू? पुस्तक वाईट न्हाय हो… फकस्त धुकं लई हाय!

शेवटी समाप्तीचा दिस आला. मांडव, पंगतीला भात-आमटी, गव्हाची खीर. स्वरूप पुस्तक काखेत मारून पयल्याच रांगंत. ठरलंच व्हतं, आज पान दाखवायचं न्हायतर दादानं गावाची माफी मागायची. आप्पांनी शेवटचं पान वाचाय घेतलं. मी ठरवलतं, आज डोळं मिटायचं न्हाय. मांडीला चिमटं काढले, मिशा उपटल्या. पण तुम्हाला सांगतो, त्या आवाजात, त्या समईत… गेलो. नाव पल्याडच्या तीराला टेकलेली. राणी उतरली, वट्यातले उरलेले चिरमुरे नावाड्याच्या हातावर ठेवले, दोन पावलं गेली, आन् वळून माझ्याकडं बघून म्हणाली… कोपार!

‘सांगा अर्थ!’

मी सांगाय लागलो. अर्धवट झोपेतच हाय, डोळं चोळत. ‘राणी उतरली… वळली… आन् म्हणाली, तिला म्हणावं, थंडी लई हाय. कानाला बांधत जा. आन् उपाशीपोटी बसू नगं.’

आन् तवा मला खांबाच्या मागं तेजू दिसली. कवा आलती कुणास ठाऊक. उभी व्हती, पदराचा शेव तोंडात. मग माझ्या ध्यानात आलं, हिरव्या काठाचं लुगडं, वट्यात चिरमुरे… अरं, ह्या तर सासूबाई! जांबोटीला गेलो की निघताना हेच बोलायच्या. हेच, ह्याच शब्दांत! तेजूला किती लागलं आसंल, ह्या इचारानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

स्वरूप उठलाच. ‘वैनी, बरं झालं आलासा! आता तुमीच सांगा. नावाडी हाय का न्हाय? राणी मेली का पल्याड गेली?’ सगळं गाव तिच्याकडं वळलं. रचना मॅडमनी चष्मा नीट केला. शेवंताआज्जीनं डोळं मिटून देवाचं नाव घेतलं. मला धरणीनं पोटात घ्यावं आसं वाटाय लागलं. आता ही सरळ म्हणणार, माझ्या नवऱ्यानं पुस्तक वाचलंच न्हाय!

तेजूनं डोळं पुसलं. माझ्याकडं बघितलं. लई येळ बघितलं. आन् म्हणाली, ‘हाय. नावाडी हाय. दुसऱ्या भागात हाय.’

आवो, दोन्ही पक्ष एकदम खूश! स्वरूप म्हणतो, ‘बघा, ह्या भागात न्हाय म्हटलतं का न्हाय!’ आज्जी म्हणती, ‘बघा, हाय म्हटलतं का न्हाय!’ रचना मॅडम म्हणाल्या, मग गाभ्याचा पुनर्विचार करावा लागंल. मारुतीआप्पांनी हात वर केला, ‘त्या भागात तेवढं पिकाचं बघा की जरा.’ घंटा वाजली. खीर वाढली. वाटंनं घरी येताना तेजूनं माझा हात धरला. लग्नाला एवढी वर्षं झाली, गावाच्या भर रस्त्यात पयल्यांदा धरला. म्हणाली, ‘सगळं पुस्तक लिहून मी आईला मारलं, आन् तुमी न वाचता तिला पल्याड नेलासा.’ मी रडलो हो. लाज कसली त्यात? रडलो.

आन् दुसऱ्या दिशी सकाळी… भाकरी करपली! काय वास, काय वास! मी डबा घेऊन उद्यमबागेत नाचतच गेलो. मशीनवाली ओरडली, ‘लागली का लढाई?’ म्हटलं, ‘लागली, लागली!’

सुखाचं झालं म्हणता? बसा, ऐका. आता तिला नावाडी पुढं पायजे. राणी उतरली, ते कुठं उतरली? तीरावर कोण व्हतं? भात कोण शिजवत व्हतं? तिला ठाव न्हाय, ते मला दिसायचं! म्हणून रविवारी जेवण झालं की सोप्यात चटई, चटईवर उशी, आन् उशाला पेन घेऊन ही. ‘झोपा.’ पडदा लावती, डोक्यावर हात फिरवती, तमिस्रेच्या कुक्षीतूनऽऽ म्हणून सोता वाचून दावती. मी डोळं मिटतो. ती वाकून इचारती, ‘आलं का धुकं?’ भाहेर कट्ट्यावर शेवंताआज्जी बसलेली, ‘लागली का गं त्येला?’ स्वरूप नकाशा घेऊन हुभा. मारुतीआप्पा खिडकीतनं, ‘भात दिसला तर कुठल्या जातीचा ते बघून घे रं!’

आन् मी टक्क जागा! ह्या कुशीवर, त्या कुशीवर… काय केल्या लागंना! शेवटी काय करणार, जागाच हाय तर म्हटलं वाचू तरी. घेतलं पुस्तक, आन् घाटातनं पार पल्याड गेलो, सगळं वाचून काढलं, शेवटच्या पानापातूर, एकदाबी मान पडली न्हाय.

पुस्तक वाईट न्हाय हो… पण धुकंच न्हाय त्यात!